चौथी गोळी

४ फेब्रुवारी

दादा,

सात वर्षं आणि चार महिने तुला पत्र नाही, फोन नाही. आधी त्याची माफी मागते. महिनेसुद्धा लिहिले म्हणून हसू नकोस; रोजनिशीत तारीख आहे, त्यामुळे मोजावं लागलं नाही. (हे खरं नाही. काल बसून मोजले.)

पत्ता वहिनीकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस. ऑफिसचं काम आहे असं मी तिला सांगितलं. ते काम काय, हे आता सांगते, म्हणजे निदान तिच्याशी खोटं बोलले असं होणार नाही.

मी अजून त्याच हॉस्पिटलमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतच्या त्याच खोलीत आहे. फक्त माझं टेबल आता खिडकीपाशी आलंय. इतक्या वर्षांतली माझी बढती म्हणायची ती एवढीच. काम तेच. हार्ट अटॅक येऊन गेल्यावर ज्यांना हृदयाचे ठोके आवरायची गोळी सुरू झाली, त्यांना वर्षातून एकदा फोन करायचा आणि सात प्रश्न विचारायचे. तूही त्यांतलाच, त्यामुळे तुला सगळं माहीत आहे. तरी एकदा सांगते, मला सविस्तर लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. वर्षभर गोळी घेऊन झाली की संगणक प्रत्येकाची चिठ्ठी काढायचा. निम्म्यांनी गोळी चालू ठेवायची, निम्म्यांनी बंद करायची, आणि मग आठ वर्षं बघायचं की कोण कसं राहतं. तुझी चिठ्ठी 'बंद' निघाली होती. त्याबद्दल मला काहीतरी सांगायचंय, पण या पत्रात नाही.

तर ती आठ वर्षं आता संपताहेत. एकतीस मार्चला नोंदी बंद. एकूण माणसं चारशे बारा. त्यांतली सदतीस गेली. तीनशे चौऱ्याहत्तर जणांनी फोन उचलून सातही उत्तरं दिली. उरला एक. नातेवाइकाची फाइल आपण हाताळायची नाही असा नियम आहे, म्हणून तुझी फाइल पोपटकडे असते. पोपट म्हणजे समोरच्या टेबलावरचे गृहस्थ, साठीला टेकलेले. सातही प्रश्न वर्षानुवर्षं एकाच सुरात विचारतात म्हणून हे नाव पडलं, आणि त्यांना ते आवडतं. परवा ते मला म्हणाले, "बाई, गेलेले सदतीस सापडले. तुमचा हा भाऊ जिवंत असून सापडत नाही. ह्याला काय म्हणायचं?"

मी काय म्हणणार? हॉस्पिटलचा नंबर दिसला की तू फोन उचलत नाहीस. आधीची वर्षं वहिनी तुझ्या वतीने उत्तरं देत होती, आता नियम कडक झालाय, ज्याचं त्यानेच सांगायला हवं. गेल्या वर्षी तू बोलला नाहीस. याही वर्षी बोलला नाहीस तर तुझं नाव 'हरवलेले' या रकान्यात जाईल. त्या रकान्यात अजून एकही नाव नाही. पहिलं तुझं असावं असं मला वाटत नाही.

सोबत फॉर्म आणि तिकीट लावलेलं पाकीट पाठवतेय. हाताने लिहिलेली उत्तरंही चालतात. गोळी घेता का, चक्कर किंवा बेशुद्धी आली का, छातीत धडधडतं का, हॉस्पिटलात भरती झालात का, जिना न थांबता चढता येतो का, झोप लागते का. आणि सातवा, आणखी काही सांगायचं आहे का? या सातव्यावर लोक काय वाटेल ते सांगतात. एका शिंप्याने सलग चार वर्षं सांगितलं की त्याचा जावई आळशी आहे. यंदा म्हणाला, "जावई सुधारला. आता मुलगी आळशी झाली." मी दोन्ही लिहून घेतलं. काय उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

हे पत्र ऑफिसतर्फे नाही, फॉर्म मात्र ऑफिसचा आहे. म्हणजे निम्मं त्यांचं, निम्मं माझं. कुठलं निम्मं कोणाचं, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

तुझी,
खोडरबर
(एकच ओळ खोडून खोडून शाळेच्या वहीला भोक पाडणारी ती. हे नाव अजून चालत असेल तर.)


१६ फेब्रुवारी

दादा,

फॉर्म पोचला. पहिल्या सहा चौकटी कोऱ्या. सातव्या चौकटीत तुझं ते उजवीकडे कललेलं अक्षर: "हो. चुगलखोर माणसांनी दुसरा धंदा बघावा."

मला इतका आनंद झाला की मी तो कागद पोपटना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचला आणि म्हणाले, "हे उत्तर ग्राह्य नाही. सातपैकी एक. त्यातही प्रश्नाला धरून नाही."

मी म्हटलं, "अहो, पण लिहिलं तर खरं!"

"शिवी आहे ती, बाई."

"असू दे. हाताला कंप नाही, बघा. रेघ कशी सरळ आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझीच तब्येत विचारावी की काय, असं त्यांना वाटलं असावं.

आता चुगलीबद्दल. तू त्या संध्याकाळी पाळी संपवून यार्डातून आलास, हातपाय धुवायला बाथरूममध्ये गेलास आणि पडलास. वहिनी चालवते ती शाळेची बस जागेवर लावायला गेली होती. दार मी ढकललं. तुझे डोळे उघडे होते आणि त्यांत तू नव्हतास. रुग्णवाहिकेतल्या माणसाने नाडी मोजली, छत्तीस. दुसऱ्या दिवशी सकाळी, तू अजून वॉर्डात असताना, मी तुझ्या यार्डात फोन करून सांगितलं की क्रेनचालक बेशुद्ध पडला होता, त्याला केबिनमध्ये चढू देऊ नका. तुला न विचारता. वहिनीलाही न विचारता. तू शुद्धीत होतास, हसत होतास, नर्सशी थट्टा करत होतास. दोन जिने उतरून तुला विचारणं जमलं असतं.

फोन केला याचा मला पश्चात्ताप नाही. पन्नास फूट उंचीवर बसणारा माणूस, खाली माणसांची ये-जा. तुला विचारलं नाही, याचा मात्र आहे. वरची दोन वाक्यं मी तीन वेळा लिहिली, कारण पहिल्या वेळी पश्चात्ताप चुकीच्या वाक्यात पडला होता.

नवा फॉर्म सोबत आहे. निदान पाचवा प्रश्न भर, जिन्याचा. त्याला कुणाची चुगली लागत नाही.

खोडरबर


२५ फेब्रुवारी

दादा,

यावेळी फॉर्म आला नाही, वहिनीचा फोन आला. दुपारी, दोन फेऱ्यांच्या मधे, बसमध्येच बसून बोलत होती. म्हणाली, "तुझं पत्र आलं की हा गच्चीत जाऊन वाचतो. मग खाली येऊन विचारतो, आज पत्र नाही का आलं? मीच दिलेलं असतं हातात!"

तिने बरंच सांगितलं. तू आता एका बांधकामावर खाली उभा राहून वरच्या क्रेनवाल्याला हाताने खुणा करतोस म्हणे. मूठ वर म्हणजे थांब, तळहात खाली म्हणजे हळू सोड. तुझ्याइतकी स्वच्छ खूण दुसरा कुणी करत नाही, असं तिथला मुकादम म्हणतो. मला हसू आलं. लहानपणी तू गच्चीच्या कठड्यावरून आणि मी रस्त्यापलीकडून, आपण असेच बोलायचो ना? आई झोपली आहे, ये. आई उठली आहे, पळ. पोरवयात कमावलेली विद्या माणसाला कुठे उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

"आणि तब्येत?" मी विचारलं.

"चौथ्या मजल्यापर्यंत न थांबता चढतो. वर जाऊन मला चिडवतो, तुझा श्वास लागला का म्हणून. चक्कर नाही, काही नाही. ती एकच वेळ. पण डॉक्टरांनी कारण सापडलं नाही असं लिहिलं ना, ते याच्या डोक्यातून जात नाही गं. अंघोळीला गेला तरी कडी लावत नाही. सात वर्षं झाली."

फोन ठेवल्यावर पोपटनी विचारलं, "सापडला?" मी म्हटलं, "सापडतोय."

कडीचं मला माहीत नव्हतं, दादा.

त्याच दिवशी मीटिंग झाली. मोठ्या बाई, म्हणजे या सगळ्या पाहणीच्या प्रमुख डॉक्टर (उंचीने माझ्या खांद्याला लागतात, तरी मोठ्याच), यादी वाचत होत्या. 'बंद' गटात बेशुद्धीच्या अकरा नोंदी. दहांची कारणं लिहिलेली. अकराव्या नोंदीपुढे, 'कारण अज्ञात'. बाई म्हणाल्या, "गोळी बंद असलेल्या माणसाची नाडी छत्तीसवर येते, आणि पाच दिवस ठेवून घेतलं तरी पुन्हा एकदाही नाही. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

मी मान हलवली, हे आज रोजनिशीत लिहिलं, आणि लिहिल्यावर माझ्या लक्षात आलं की मला तुला पत्र का लिहायचं होतं. तुझं नाव हरवलेल्यांत जाऊ नये, हे कारण खरं आहे, पण ते दुसऱ्या क्रमांकाचं. पहिलं पुढच्या पत्रात लिहीन. आज लिहिलं तर खोडेन.

खोडरबर


४ मार्च

दादा,

हे पत्र पेनाने लिहितेय आणि काही खोडणार नाही.

तुझी चिठ्ठी 'बंद' निघाली त्या दिवशी तू ऑफिसबाहेर मोठ्याने म्हणालास, "चला, एक गोळी कमी!" आणि मी घाबरले. मी रोज फोनवर लोकांची धडधड ऐकणारी. आकडे अजून यायचे होते, कुणालाच काही माहीत नव्हतं, म्हणून तर पाहणी चालू होती. ते मला डोक्याने समजत होतं. पण तुझी सातकप्प्यांची गोळ्यांची डबी भरायचं काम माझ्याकडे होतं, कारण वहिनी पहाटेच बस घेऊन जायची. चारांच्या जागी तीन गोळ्या टाकताना माझा हात थांबला. मग मी चौथी टाकली. तुला सांगितलं, ही जीवनसत्त्वाची आहे, अशक्तपणासाठी. तू म्हणालास, "बरं, मास्तरीण."

जीवनसत्त्वाची नव्हती. तीच होती, ठोक्यांची. घरात शिल्लक होत्या त्या संपल्यावर डॉक्टरांची जुनी चिठ्ठी दाखवून मी आणखी आणल्या. चार महिने रोज. तू म्हणायचास, अंगात शिसं भरल्यासारखं वाटतं, आणि मी मनात म्हणायचे, बघ, गोळी घेऊन ही दशा, बंद असती तर काय झालं असतं. माणूस शिकलेला असला म्हणजे चुकीला किती चांगलं कारण देऊ शकतो, बघ.

मग तू पडलास. वॉर्डात मोठ्या बाईंनी विचारलं, "ठोक्यांची गोळी बंद आहे ना?" मी खाटेच्या उजव्या बाजूला उभी होते. मी म्हटलं, हो. त्या एका शब्दामुळे तुझ्या कागदावर 'कारण अज्ञात' आलं. कारण ज्ञात असतं तर महिन्याभरात तू पुन्हा वर चढला असतास. ज्याच्या बेशुद्धीचं कारण सापडत नाही अशा माणसाला कुणी क्रेन देत नाही.

तू मला चुगलखोर म्हणत घर सोडलंस. मला बरंच वाटलं, दादा. कारण चुगली हा लहान गुन्हा होता, आणि तो मान्य करून मोठा झाकता येत होता. सात वर्षं मी मनात चुगलीचाच खटला चालवत होते. वकीलही मीच, न्यायाधीशही मीच, आणि निकाल नेहमी माफीचा.

डबी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. गुरुवारचा कप्पा भरलेला. तू बुधवारी पडलास.

मोठ्या बाईंना सांगायचं आहे. पण तुझ्या आधी त्यांना सांगणं म्हणजे पुन्हा यार्डात फोन करण्यासारखं झालं असतं. म्हणून आधी तुला.

उत्तर दिलं नाहीस तरी समजेन. कडी लावत जा, एवढं मात्र कर. कारण होतं. ते मी होते.

तुझी बहीण


१५ मार्च

दादा,

दहा दिवस पोस्टमनची वाट बघितली. आज जिन्यात तुझं जाड पाकीट हातात पडलं आणि पाचवा प्रश्न मलाच लागू झाला, दोनदा थांबावं लागलं.

चार पानं! तू आयुष्यात कुणाला चार पानं लिहिली नाहीस. वहिनीला लग्नाआधी लिहिलेलं पत्र दीड पानाचं होतं, आणि त्यातलं अर्धं पान क्रेनबद्दल होतं, तिनेच मला दाखवलंय.

पहिलं पान वाचून मी हसायला लागले. दुसरं वाचून रडायला. तिसऱ्या पानावर मला तुझा असा राग आला की मी पत्र खणात टाकून खण जोरात लावला, त्यात डबी खडखडली. मग काढून चौथं वाचलं. आता मी तुझीच गोष्ट तुला परत लिहून सांगते, कारण मला बरोबर समजलं की नाही याची खात्री करायची आहे. सवय आहे.

तर चिठ्ठी 'बंद' निघाल्यावर तू "एक गोळी कमी" असं जे ओरडलास, ते घाबरून. तुला तोपर्यंत रोज वाटायचं की त्या गोळीमुळेच तू आहेस. ती बंद करायची, आणि वर त्या उंचीवर एकटं बसायचं, हे तुला जमणार नव्हतं. कुणाला सांगायचं? बहीण पाहणीच्या ऑफिसात. तिला सांगितलं तर तिच्या नोकरीवर गदा येईल. म्हणून तू स्वतःच डॉक्टरांची जुनी चिठ्ठी दाखवून एक स्ट्रिप आणलीस, केबिनमध्ये सीटखाली ठेवलीस, आणि संपली की दुसरी आणलीस. रोज वर चढलास की एक घ्यायची, मग क्रेन सुरू.

म्हणजे सकाळी माझी आणि नंतर तुझी. चार महिने. दोघांनी मिळून, एकमेकांना न सांगता, तुझ्या नाडीवर दोन्ही बाजूंनी बसून राहिलो.

आणि त्या बुधवारी वर असताना धडधडलं म्हणून तू एकाऐवजी दोन घेतल्यास. ("दोन घेतल्या" एवढंच लिहून तू पुढची ओळ मोकळी सोडलीस. ती मोकळी ओळ मी सगळ्यात जास्त वेळा वाचली.)

मोठ्या बाईंनी विचारलं तेव्हा मी उजवीकडून म्हटलं, हो. आणि तू खाटेवरून म्हणालास, "हो हो, कधीच बंद!" मला ते आठवतं. मला तेव्हा वाटलं, बिचारा, याला काहीच माहीत नाही. तुला माझ्याबद्दल तेच वाटत होतं. बाई मात्र दोन खोटारड्यांच्या मधे उभ्या राहून प्रामाणिकपणे लिहीत होत्या, 'कारण अज्ञात'.

राग कशाचा आला, तेही सांगते. सात वर्षं तू मला चुगलखोर म्हणत राहिलास आणि तुला ठाऊक होतं की मी केलेला फोन बरोबर होता. तू लिहितोस, "तासभर आधी झालं असतं तर मी वर होतो. हुकाला माल होता. खाली सहा जण होते. तुझ्या फोनचा राग नव्हता, खोडरबर. तो फोन मी करायला हवा होता, म्हणून तुझं तोंड बघवत नव्हतं." हे एक वाक्य तेव्हा बोलला असतास तर! पण मग मी माझं बोलले असते का? अर्धा दिवस विचार केला. उत्तर, बहुधा नाही. त्यामुळे राग संध्याकाळपर्यंतच टिकला.

वहिनीला तू दोन्ही पत्रं वाचून दाखवलीस आणि ती ज्या शब्दांत बोलली, ते तू लिहिलेस तसेच्या तसे रोजनिशीत उतरवले आहेत: "दोघं मिळून मला विधवा करायला निघाला होतात, आणि तेही काळजीपोटी!" आणि मग ती इतकी हसली म्हणे की खुर्चीवरून उठून आत गेली. आत जाऊन तिने काय केलं, ते तू लिहिलं नाहीस. मला अंदाज आहे. तिला म्हणावं, पुढच्या वेळी मी समोर असताना ओरड.

एक गोष्ट राहिली. ती स्ट्रिप अजून त्या क्रेनच्या सीटखाली असेल का रे?

खोडरबर


२९ मार्च

दादा,

हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत आपलं बोलणं झालेलं असेल. तरी लिहिते. सगळं क्रमाने लिहिलं नाही तर मला ते घडलंसं वाटत नाही.

सोमवारी मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये गेले. डबी त्यांच्या टेबलावर ठेवली, चौथ्या पानावर तू 'दाखव त्यांना' लिहिलंस म्हणून तुझं पत्र ठेवलं, माझ्या पत्राची नक्कल ठेवली. उभ्याने सगळं सांगितलं. त्यांनी डबी उघडली, गुरुवारच्या कप्प्यातल्या चार गोळ्या कागदावर ओतल्या, चौथी बोटाने बाजूला सारली. मग म्हणाल्या, "बसा."

"उभी राहते."

"बसा हो. तुम्ही उभ्या राहिलात की मला मान वर करून रागवावं लागतं."

मग रागावल्या. ते सविस्तर लिहीत नाही, कारण प्रत्येक शब्द खरा होता आणि त्यात गंमत काही नव्हती. मी ऑफिसातली, मला नियम पाठ, लोकांना फोनवर 'खरं सांगा' म्हणणारी मी. शेवटी मी विचारलं, "म्हणजे ही माझ्यामुळे बिघडलेली नोंद काढून टाकायची?"

"काढायची नाही. तो 'बंद' गटातच राहील, चिठ्ठी तशी निघाली होती. फक्त खरं काय घडलं ते शेजारी लिहायचं. तुम्ही लेखी द्या, तुमच्या भावाने लेखी द्यावं."

मी दारापर्यंत गेले आणि परत आले. जे विचारायला नको ते विचारल्याशिवाय मला जाता येत नाही, तुला ठाऊक आहे. म्हटलं, "बाई, आम्ही दोघांनी असं केलं. मग बाकीच्या चारशे अकरांपैकी किती जणांच्या सीटखाली स्ट्रिप असेल?"

त्या गोळ्या परत कप्प्यात भरत होत्या. "असतील काही. कुणी गुपचूप घेत असेल, कुणी गुपचूप फेकत असेल. म्हणूनच चारशे बारा माणसं लागतात, दोन पुरत नाहीत." आणि मग त्यांना हसू आवरेना. "सात वर्षं ज्या कोड्याने माझं डोकं खाल्लं, ते दुसऱ्या मजल्यावर माझ्याच ऑफिसात खणात पडलं होतं!"

शेवटी कोणता गट बरा राहिला, चालू की बंद, ते पुढच्या महिन्यात आकडे जुळले की कळेल. मला आधी कळणार नाही. समितीचा निर्णय होईपर्यंत मला फोनच्या कामावरून काढलंय, आता मी तळमजल्यावर जुन्या फाइलींच्या खोलीत. खिडकी गेली. बढती इतकी वर्षं पुरली, वाईट नाही. जेवायच्या सुट्टीत पोपट खाली आले, सोबत खिडकीतली माझी कुंडी घेऊन. म्हणाले, "हिला उजेड लागतो, पण तुमच्याशिवाय सुकेल." दोन्ही कसं जमवायचं ते त्यांनी सांगितलं नाही. कुंडी सकाळी जिन्यात आणि दुपारनंतर माझ्यापाशी, असं ठरवलंय.

तुझं लेखी पोचलं. बाईंनी नवा कागद केला: 'बेशुद्धीचं कारण: ठोक्यांच्या गोळीची जादा मात्रा.' सही, शिक्का. मूळ प्रत तुला पाठवतेय. हे वहिनीला फोनवर कळवलं होतं; ती म्हणत होती, तू तिला म्हणालास, "आता वर चढायची हौस नाही, गुडघे कुरकुरतात. पण चढू शकतो हे कागदावर असलं की खाली उभं राहण्यात वेगळी मजा आहे." आणि त्या रात्री तू बाथरूमची कडी लावलीस. सकाळी तिने विचारलं तेव्हा म्हणालास, "लागली चुकून." तिने ते मला लगेच फोन करून सांगितलं. चुगली आमच्या घरात आता दोघी करतात.

आणि आज. आज सकाळी तू पोपटचा फोन उचललास! मी नियमाप्रमाणे खोलीत नव्हते. पण दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात कुंडीला पाणी घालायला कुणी मनाई केलेली नाही, आणि ते दार नीट लागत नाही. पोपटचा तो एकसुरी आवाज, गोळी घेता का, चक्कर आली का, एक एक प्रश्न, मधे तू काहीतरी बोलत असणार, मधेच पोपट न राहवून "अरे वा" म्हणाले. आठ वर्षांत त्यांनी सुरात बदल केल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. नंतर कळलं की ते जिन्याच्या प्रश्नावर होतं, चौथ्या मजल्यावर.

मग सातवा, "आणखी काही सांगायचं आहे का?"

मी पाणी घालतच राहिले; कुंडीतून पाणी वाहून पायरीवर आलं.

पोपट बाहेर आले, हातात फॉर्म. सहा चौकटी भरलेल्या. सातवीत त्यांनी तू म्हणालास तसंच्या तसं लिहिलं होतं, आणि एकदा माझ्याकडे, एकदा ओल्या पायरीकडे बघत वाचून दाखवलं: "खोडरबर तिथेच कुठेतरी दाराआड उभी असेल. तिला सांगा, उद्या रविवार आहे, अकराला मला फोन कर. पण तिच्या प्रश्नांना मी उत्तरं देणार नाही, भरपूर देऊन झाली."

"हे प्रश्नाला धरून आहे का?" मी विचारलं.

"आहे," पोपट म्हणाले. "चारशे बारा पूर्ण." आणि त्यांनी तारीख घातली.

माझ्या रोजनिशीत रोज शेवटी दुसऱ्या दिवशीच्या कामांची यादी असते, तुला माहीत आहे, तू तिची टर उडवायचास. आज यादी नाही. एकच ओळ आहे, ती इथेही उतरवते.

उद्या: अकरा वाजता दादाला फोन. एकही प्रश्न विचारायचा नाही.